नाकाची वही

३ मे २०२४, वाळपई (गोवा)

वही शाळेतली आहे. प्रयोगवही. डावं पान कोरं, आकृतीसाठी. उजव्या पानावर रेघा. निवृत्त झालो तेव्हा कपाटात अशा चौदा वह्या उरल्या होत्या. त्या घरी आणल्या आणि आजवर त्यांत किराण्याच्या हिशेबापलीकडे काही लिहिलं नाही. आज पहिल्यांदा उजव्या पानावर जुने मथळे टाकले : सामग्री, विधी, प्रेक्षण, निष्कर्ष, सावधानी. मथळे हिंदीत, कारण रसायनशास्त्र जन्मभर हिंदीतून शिकवलं. बालाघाट जिल्हा १९५६ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशातच राहिला, तेव्हापासून लालबर्ऱ्यात आमच्या घरी शाळा हिंदीत आणि भांडण मराठीत.

सामग्री : उर्राक, एक पेला. सावधानी : एकच पेला. (साखर मागच्या वेळी १६४ आली होती.)

जावयाच्या ओळखीच्यांच्या काजूच्या बागेत आलो आहोत. झाडावरून तोडलेलं बोंडू इथे चालत नाही, आपणहून पडलेलंच घेतात. दगडी कोळंबीत बोंडं पायांनी तुडवतात, रस निघतो, दाबलेल्या चोथ्यातून ठिबकतो तो नीरो वेगळा. रस आंबला की भाटीवर. पहिल्या गाळणीला येतो तो उर्राक, सौम्य. पुन्हा गाळल्यावर फेणी. उर्राक उन्हाळ्यापुरताच, फार टिकत नाही, म्हणून त्याचं कौतुक जास्त. काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०१६ मध्ये गोवा सरकारनं तिला वारसा पेयाचा दर्जा दिला, हे बागवाल्यांनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा हात भाटीच्या जाळावर होता आणि आवाज तहसीलदाराचा होता.

लिंबूसोडा, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून देत होते. मी आधी कोरा मागितला. वास ओळखीचा आणि नाव आठवेना. काजू आमच्याकडे होत नाही, मग ओळखीचा कसा? अर्ध्या तासानं सापडलं : बिब्याची वाळवलेली फुलं. लहानपणी आजी जंगलातून आलेली विकत घ्यायची, चघळायला. बिबा आणि काजू एकाच कुळातले आहेत, दोघांनाही बीच्या डोक्यावर फुगलेला मांसल देठ. पुस्तकातलं हे कूळ मी कधी नाकानं तपासलं नव्हतं.

निष्कर्षाच्या जागी लिहिलं : बिब्याची फुलं, थोडी सडलेली, वर मीठ. जावई वाचून म्हणाले, ‘बाबा, बाहेरची माणसं याला अननस म्हणतात.’ म्हणू देत.

१८ ऑगस्ट २०२४, लालबर्रा

तीन दिवस झड. वैनगंगा चढली आहे म्हणतात. शिवणी रस्त्यावरचे ट्रक मंदावले, वीज सकाळपासून नाही.

ओल्ड मंक, तीस मिलि., कोमट पाणी. १९५४ पासून मिळते आणि माझ्या पिढीतल्या बहुतेकांची पहिली चोरटी चव हीच. कंपनी मोहन मीकिन. तिचं मूळ कसौलीतल्या त्या भट्टीत आहे जी एडवर्ड डायर यांनी १८५५ च्या सुमाराला काढली. जालियनवाला बागेत गोळीबाराचा हुकूम देणारा रेजिनाल्ड हा त्यांचाच मुलगा. इतिहासाच्या सरांना हे एकदा स्टाफरूममध्ये सांगितलं होतं. त्यांनी त्या दिवसापासून रम सोडली आणि व्हिस्की धरली.

प्रेक्षण : गूळ कढईच्या तळाला लागतो तेव्हाचा वास, त्यावर कस्टर्ड पावडरचा डबा उघडल्यासारखं काही. हे दुसरं व्हॅनिला. लाकडातल्या लिग्निनपासून व्हॅनिलिन सुटतं, ते खरं पिंपातलं की वरून घातलेलं, हे माझ्या नाकाला ठरवता येत नाही. मळीची दारू मळीसारखी लागते, यात लबाडी नाही. आपल्याकडची बरीचशी ‘व्हिस्की’सुद्धा मळीच्याच स्पिरिटची असते. ती ते लपवते, रम लपवत नाही. म्हणून मला रम बरी वाटते.

संध्याकाळी भांडी घासायला बाई आल्या. मोरीत पेला उचलला आणि तिथूनच हिला म्हणाल्या, ‘आज गुरुजीनं काळी घेतली वाटते.’ पेला मी विसळून ठेवला होता.

११ जानेवारी २०२५, नाशिक

मुलगी इथे असते, तिनं नेलं. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला. राजीव सामंतांनी १९९७ मध्ये इथे वाइनच्या द्राक्षांची लागवड केली, २००० मध्ये पहिली बाटली निघाली. त्याच्याही आधी नारायणगावला शामराव चौगुले यांनी इंडेज काढली होती आणि तिथली फसफसणारी वाइन ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशी जात होती. पण आज गर्दी इथे आहे. पुण्या-मुंबईची पोरं, टोप्या, फोटो.

द्राक्षं काढायला नुकती सुरुवात झाली आहे. फ्रान्समध्ये द्राक्ष पावसाळा नसलेल्या उन्हाळ्यात पिकतं, इथे थंडीत पिकवावं लागतं. त्यासाठी वेल वर्षातून दोनदा छाटायची, एप्रिलमध्ये एकदा आणि पावसाच्या शेवटाला एकदा, आणि पीक एकच घ्यायचं. वेलीला इथलं पंचांग शिकवलं आहे म्हणायचं.

चाखायला टेबलावर सहा पेले, प्रत्येकात दोन घोट. एक चुणचुणीत मुलगा सांगत होता : हा सोव्हिन्यों ब्लां, यात गूजबेरी आणि पॅशनफ्रूट लागेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘गूजबेरी म्हणजे आवळा ना?’ तो म्हणाला, ‘हो मॅडम.’ नव्हे हो. आपला आवळा वेगळा, विलायतेतली गूजबेरी वेगळी, आणि बाजारात हल्ली कागदी आवरणात मिळते ती रसभरी तिसरीच. एका शब्दानं तीन झाडं एकत्र केली आणि काकूंना आवळा लागायला लागला. मी पाहिलं, त्यांनी मान डोलावली.

मला काय लागलं? ढोबळी मिरची. हिरवी, नुकती चिरलेली. मुलीला सांगितलं तर ती लाजली. पण हे माझं वेड नाही. या द्राक्षात मेथॉक्सीपायरझीन नावाची संयुगं असतात आणि तीच ढोबळी मिरचीतही असतात, अगदी सूक्ष्म प्रमाणात कळतात. मुलाला विचारलं. तो हसून म्हणाला, ‘करेक्ट सर, पण मिरची म्हटलं की लोक घेत नाहीत.’

शेनिन ब्लां : पिकलेला पेरू, त्याच्या सालीकडचा भाग. गोडसर. हिला आवडली असती.

तांबडी, शिराझ : इथे मी अडलो. मुलगा ‘टॅनिन’ म्हणाला, म्हणजे जीभ कोरडी करणारं तुरटपण. त्याला चहाचं उदाहरण दिलं जातं. मला हर्रा आठवला. हिरडा. कातडी कमावायला आमच्याकडच्या जंगलांतून गाड्या भरभरून हिरडा जायचा तो याच टॅनिनसाठी. लहानपणी खोकल्याला हिरड्याचा तुकडा गालात धरायला लावत, त्यावर पाणी प्यायलं की पाणी गोड लागे. मी तसंच केलं. शिराझचा घोट, मग पाणी. पाणी गोड लागलं का? थोडंसं, हो. किंवा मला लागावंसं वाटलं.

थुंकायला स्टीलची बादली ठेवली होती. सहा पेल्यांत एकही माणूस थुंकला नाही. आपल्याकडे थुंकणं हे खर्ऱ्यासाठी राखून ठेवलेलं आहे, पैसे देऊन घेतलेल्या वस्तूसाठी नाही.

१६ फेब्रुवारी २०२५, पुणे

पुतण्याकडे. त्यानं कपाटातून अमृत फ्यूजन काढली, बंगळूरची. आपल्याकडचं जव आणि स्कॉटलंडचं धुरावलेलं जव असं दोन्ही यात. अमृतनं आपली सिंगल माल्ट २००४ मध्ये आधी ग्लासगोत नेऊन विकली. घरच्यांनी हसू नये म्हणून पाहुण्यांसमोर गाणाऱ्यासारखं.

पुतण्या म्हणाला, काका, पीट. स्कॉटलंडातला दलदलीतला कुजका थर, तो जाळून त्या धुरावर जव वाळवतात. मी डोळे मिटले आणि आमच्या जुन्या गोठ्यात उभा राहिलो. श्रावणात डासांसाठी ओल्या गोवऱ्या आणि कडुनिंबाचा पाला जाळतात, तो धूर दुसऱ्या दिवशी गाईच्या अंगाला येतो तसा. मागून शाळेतल्या प्रथमोपचाराच्या डब्याचा वास, फिनॉल. लिहिलं : गोठा, सकाळ.

पिंपातून उडून जाणाऱ्या दारूला ते लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडात वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास, बंगळूरला दहा-बारा. लालबर्ऱ्याच्या मे महिन्यात पिंप ठेवलं तर देवदूत पिंपाला तोंडच लावून बसतील.

१४ मार्च २०२५, धुळवड

आज गावात प्रत्येक तोंडाला वास. नाक बंद, वही बंद.

२७ मार्च २०२५, सोनेवानीच्या वाटेवर

पहाटे पाचला शेजाऱ्यांच्या मोटरसायकलवर. मोह गळतो आहे. झाडाखालचा पाला आधीच जाळून जमीन काळी केलेली, म्हणजे फूल पडलं की चांदणीसारखं दिसावं. बाया, पोरं, टोपल्या. मोहाचं फूल तोडायचं नसतं, ते रात्रीपासून आपणहून गळतं आणि ऊन तापायच्या आत वेचावं लागतं. नाहीतर अस्वल, हरणं, गाई, कोणीही. वेचणारे जोरजोरात बोलत होते. या जंगलात वाघ आहे, बोलणं त्याच्यासाठी.

ताजं फूल तोंडात टाकलं. गर गुबगुबीत, गोड, आणि मग घशाशी एक रानटी वास, जो काहींना सोसत नाही. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक वजन साखरेचंच असतं. माझ्या रिपोर्टासाठी तेही मद्यच.

घरी आणलेली ओंजळभर फुलं अंगणात पसरली. दुपारी उन्हात त्यांचा वास बदलला. ही स्वयंपाकघरात चिन्नोर तांदूळ निवडत होती. मी अंगणातून ओरडलो, ‘भात झाला का?’ ‘अजून चूलसुद्धा पेटवली नाही,’ ती म्हणाली.

तांदूळ नुसता निवडून ठेवला होता. मग मला भाताच्या वाफेचा वास आला कुठून? वाकून फुलं हुंगली. तोच. लिहून ठेवलं, पुढे प्रश्नचिन्ह. हिनं वाचलं आणि म्हणाली, ‘पुण्याहून आल्यापासून तुम्हाला भुताटकी झाली आहे.’

१२ एप्रिल २०२५, बैहर

शाळेतले आमचे जुने शिपाईदादा, गोंड, बैहरकडच्या गावचे. नातवाचं बारसं म्हणून बोलावलं. घाट चढून वर आलं की साल सुरू होतो आणि हवा दोन अंश उतरते.

बैहर, परसवाडा, बिरसा हा अनुसूचित भाग. इथल्या आदिवासी कुटुंबांना घरच्यापुरती मोहाची गाळायला कायद्यानं सूट आहे. विकायला नाही. दादांनी भट्टी दाखवली आणि मी डाव्या कोऱ्या पानावर आकृती काढली, शाळा सुटल्यानंतरची पहिली. चुलीवर मातीचं मडकं, त्यात पाच-सहा दिवस भिजून आंबलेला सडवा. त्यावर बुडाला भोकं पाडलेलं दुसरं मडकं, त्यात एक छोटं भांडं. सगळ्यात वर थंड पाण्याचा गुंड. वाफ वर जाते, गुंडाच्या बुडाला लागून थेंब होते, थेंब छोट्या भांड्यात. सांधे मातीनं लिंपलेले. लीबिगचा संघनित्र मी एकतीस वर्षं पोरांकडून काढून घेतला. इथे तो काचेशिवाय, नळाशिवाय उभा होता.

वरचं पाणी तापलं की काढून नवं थंड घालायचं. किती वेळा पाणी बदललं त्यावर दारूची ताकद मोजतात. पहिल्या पाण्याची जहाल, पुढची उतरत जाते. दादांच्या वहिनी पाणी बदलत होत्या आणि बोटानं चाखतही होत्या. थर्मामीटर नाही. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, मिथेनॉल ६५ ला, म्हणून ‘पहिली धार टाकून द्या म्हणजे विष गेलं’ असं मी वर्गात सांगत असे. ते अर्धवट होतं. पाण्याबरोबर मिसळलेलं मिथेनॉल असं रांगेत उभं राहून आधी बाहेर पडत नाही, थोडं थोडं शेवटपर्यंत येतच राहतं. फुलांच्या दारूत ते मुळात कमी असतं म्हणून भागतं. माणसं मरतात ती बाहेरून ओतलेल्या कारखानी मिथेनॉलनं. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं गेली. आणि मिथेनॉलचा वास इथेनॉलसारखाच असतो. हे ‘सावधानी’खाली दोनदा अधोरेखित केलं. वही कितीही भरली तरी तिथे नाक उपयोगाचं नाही.

पिण्याआधी दादांनी पानाच्या दोन्यातून चार थेंब जमिनीवर सांडले. त्यांच्या पेनाला, म्हणजे देवाला. मग मला.

प्रेक्षण : कोमट. आधी धूर, मग ओली लिंपणमाती, मग जिभेवर गोडीची नुसती आठवण, कारण साखर सडव्यात संपलेली. नाकात परत येताना जुन्या मधाच्या पोळ्यासारखं. मी थांबलो, भाताची वाफ शोधत. ती नव्हती. फुलात होती, दारूत नव्हती.

दादांना विचारलं, मोहाला भाताचा वास येतो का? दादा म्हणाले, ‘सर, भाताचा वास वाघालाही येतो. वाघ मूत टाकून गेला की ती जागा शिजल्या तांदळासारखी वास मारते. आमच्याकडे पोरांनाही ठाऊक आहे.’ वहिनी हसल्या. मला वाटलं माझी चेष्टा चालली आहे.

१९ एप्रिल २०२५, लालबर्रा

चेष्टा नव्हती.

मुलीला फोन करून दोन दिवस कागद मागवले. सुगंधी तांदळाचा वास ज्यामुळे येतो ते संयुग २-असेटिल-१-पायरोलिन. बासमतीत तेच, आंबेमोहोरात तेच, कोकणातल्या परसात आंबेमोहोराचं पान म्हणून लावतात त्या केवड्याच्या भावंडातही तेच. आणि पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी तेच मोहाच्या फुलात शोधून २०११ च्या सुमाराला छापलं आहे. वाघाचं त्याहून जुनं : कलकत्त्याचे रतनलाल ब्रह्मचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाघाच्या खुणेच्या द्रवात हे संयुग सापडल्याचं १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं.

भात, मोह, वाघ. माझ्या घरापासून एका दिवसाच्या चालीत ही तिन्ही आहेत. बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते. त्या तांदळाचा वास माझ्या नाकात जन्मापासून बसला आहे, म्हणून अंगणात मी ‘भात झाला का’ ओरडलो. नाशिकचा वाइनवाला असता तर त्यानं पॉपकॉर्न लिहिलं असतं. तेही चुकीचं नाही, पॉपकॉर्नमध्येही हेच असतं.

दारूत ते का उतरलं नाही? माझा तर्क : हे संयुग आम्लारिधर्मी आहे आणि आंबलेला सडवा आम्ल, त्यामुळे ते क्षार होऊन मडक्यातच राहत असावं, वाफेबरोबर वर येत नसावं. शाळा असती तर बारावीच्या पोरांकडून लिटमस लावून घेतला असता.

हिला सगळं वाचून दाखवलं. भुताटकीचा शब्द परत घे म्हटलं. ती म्हणाली, ‘वाघाचं मूत आणि माझा भात एका ओळीत लिहिलात, आता मी कशाला काय परत घेऊ?’

२६ एप्रिल २०२५, जबलपूर

पेन्शनच्या कामाला आलो होतो. संध्याकाळी राज्याच्या पर्यटन खात्याच्या हॉटेलात मोंड मागवली. २०२१ च्या नोव्हेंबरात मंडल्यात मुख्यमंत्र्यांनी मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून मान्यता देण्याचं जाहीर केलं, त्यानंतर आदिवासी बचतगटांनी दोन दारू काढल्या : अलीराजपूरची मोहुलो आणि डिंडोरीची मोंड. काचेची बाटली, लेबल, बर्फ, काठाला लिंबाची चकती.

स्वच्छ आहे. धूर नाही, लिंपणमाती नाही. मध आहे, थोडं वाळकं गवत, शेवटी फुलाचा तो रानटी वास अगदी पाहुण्यासारखा दारात उभा राहून परत जातो. चांगली आहे, हे प्रामाणिकपणे लिहितो. बैहरचा दोना मात्र आठवत राहिला. त्याला कारण चव की ते चार थेंब, सांगता येत नाही.

१८९२ मध्ये मुंबई सरकारनं मोहाचाच कायदा केला होता. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत नुसती फुलं गोळा करून ठेवण्यावरसुद्धा बंधनं आली. हातभट्टी थांबवायची हे कारण. उरणच्या मोठ्या भट्ट्यांची दारू आणि तिच्यावरचा कर वाढला, हे फळ. म्हणजे एकशे तीस वर्षांपूर्वी झाडाखालचं फूल गुन्हा, आज बाटलीतलं फूल वारसा. मधल्या काळात झाडानं काही केलेलं नाही, ते मार्चमध्ये फूल गाळतं.

वेटरनं विचारलं, ‘सर, फीडबॅक?’ मी लिहिलं : धूर थोडा चालला असता.

४ मे २०२५, लालबर्रा

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

दुपारी मी तीन पेल्यांत चमचा-चमचा ओतून बसलो होतो. शेजाऱ्यांनी आणलेली देशी प्लेन, रम, आणि बैहरहून दादांनी औषधाच्या बाटलीत बांधून दिलेली मोहाची. डोळे बांधून ओळखता येतात का, एवढंच. हिला पट्टी बांधायला सांगितली. ती म्हणाली, पोरखेळ, आणि झोपायला गेली.

बाई आल्या होत्या. मोरीतून बघत होत्या. म्हणाल्या, ‘काय करून रायले गुरुजी?’ मी सांगितलं. त्यांनी हात पदराला पुसले, पेले न उचलताच थोडं वाकून म्हणाल्या, ‘ही दुकानची. ही काळी. ही मोहाची हाये, पण आपल्या इकडची नाई, साध्या भट्टीची, नवसागर नाई घातला.’

तिन्ही बरोबर. नवसागरासकट. चोरून गाळणारे सडवा लवकर चढावा म्हणून त्यात अमोनियम क्लोराइड घालतात. ते मला माहीत आहे, पण मी ते वासानं कधी ओळखलेलं नाही.

विचारलं, तुम्ही घेता का कधी? प्रश्न तोंडातून गेल्यावर कळलं की मूर्ख होता.

‘मी थेंब नाई घेतला,’ त्या म्हणाल्या. ‘दारातून मानूस आत यायच्या आधी मले समजाले पायजे ना. दुकानची असली तर तो झोपून जाते. काळी असली तर पैसे मांगत नाई, म्हंजे कोनीतरी पाजली. नवसागराची असली तर मी पोरायले घेऊन मागच्या दारानं माहेरच्या काकीकडं जाओ.’ मग पुढे, जसं काही भावच सांगत असाव्यात, ‘बावीस वर्सं हेच वास घेतले. आता तो नाई, पन नाक तसंच हाये.’

नवरा जाऊन पाच वर्षं झाली. हे मला माहीत होतं. कशानं गेला तेही गावाला माहीत होतं.

मी पेले उचलायला लागलो. त्यांनी हातातून घेतले, मोरीत नेले, राखेनं घासले. जाताना म्हणाल्या, ‘वहीत लिवता म्हनते बाई. काय लिवता?’ बिब्याची फुलं, गोठ्याचा धूर, भाताची वाफ, असं काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, वास लिहितो.

‘हां,’ त्या म्हणाल्या. ‘वास तं असतेच.’

रात्री शिराझचं पान पुन्हा वाचलं. हिरडा आणि गोड पाणी. वाक्य चांगलं जमलं होतं. त्या पानावर काही खोडलं नाही. पण ‘विधी’खाली आजवर काहीच लिहिलेलं नव्हतं हे दिसलं. सगळ्या पानांवर तो मथळा नुसता रिकामा.

११ मे २०२५

काही घेतलं नाही. ४४ अंश. मोहाला आता टोळी धरली आहे, तेलाची.

८ जून २०२५

साखर १७१. डॉक्टर म्हणाले, तीस मिलि.सुद्धा नको. बरं म्हटलं. कपाटात अर्धी रम होती, ती शेजाऱ्यांना द्यावी म्हणून बाटली बाहेर काढली आणि मोरीत बाई होत्या म्हणून परत आत ठेवली.

थोड्या वेळानं त्या पुसत पुसत आल्या आणि म्हणाल्या, ‘गुरुजी, एक पुसू? चिन्नोरच्या आन् मोहाच्या वासाचं बाई सांगत होती. वाघाचंपन. खरं हाये?’

खरं आहे म्हटलं.

त्या खाली बसल्या. एवढ्या वर्षांत आमच्या घरात त्या काम संपायच्या आधी कधी बसलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. म्हणाल्या, माहेरी कटंगीकडच्या गावात आई मोह भाजून तिळाबरोबर कुटायची, त्याचे लाडू. तव्यावर मोह पडला की भात लागला असं वाटून त्या धावत यायच्या, आई हसायची. लग्नानंतर मोहाचा तो वास कधी आला नाही. मोह म्हटलं की दुसराच आला.

मी वही काढली. नवं पान. तारीख टाकली. सामग्री : मोहफूल वाळलेलं, तीळ, तवा. ‘विधी’पाशी थांबलो आणि विचारलं, आधी फूल की आधी तीळ?

‘आदी फूल,’ त्या म्हणाल्या. ‘मंद आचेवर. पुंकेसर काढून घ्याचे, नाईतं घशाला लागते. तुमी लिवा, मी सांगतो.’